समुद्रातले मध्यम भूकंप आणि १७०० सालची एक रात्र

३० ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या बँडन गावासमोर, किनाऱ्यापासून साधारण २८० किलोमीटर आत, समुद्राच्या तळाशी ६.० तीव्रतेचा भूकंप झाला. नुकसान काही नाही. त्सुनामीचा इशाराही नाही. पण पोर्टलंडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा रात्री मेसेज आला: "अगं, हा मोठ्याच्या आधीचा आहे का? ऑफिसात सगळे तेच बोलतायत. तू इतिहासवाली, तुला काय विचारायचं म्हणा, पण सांग."

महिनाभरात, ५ डिसेंबरला, तिकडून दक्षिणेला उत्तर कॅलिफोर्नियाच्या केप मेंडोसिनोसमोर ७.० चा धक्का बसला. या वेळी त्सुनामीचा इशारा निघाला आणि तासाभरानं मागे घेतला. पुन्हा मेसेज. या वेळी नुसतं प्रश्नचिन्ह.

"इतिहासवालीला काय विचारायचं" हे तिचं म्हणणं मला जरा लागलं, खरं सांगते. कारण त्या किनाऱ्यावर "मोठा" भूकंप होऊ शकतो हे आज शाळकरी पोरांनाही माहीत आहे, ते कळलं मुख्यतः ऐतिहासिक पुराव्यातून. तोवर भूकंपमापक यंत्रांच्या नोंदींतून तिथे जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. तुम्ही पेट किंवा नेटच्या तयारीत असाल आणि "संशोधन पद्धती" या पेपरात साधनांची चिकित्सा, तुलनात्मक पुरावा वगैरे शब्द घोकत असाल, तर हे एक उदाहरण नीट समजून घ्या. माझं स्वतःचं काम कोकण किनाऱ्यावरच्या वादळ-उधाणांच्या कागदपत्रांवर आहे, आणि माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच सत्रात मला हे प्रकरण वाचायला लावलं होतं. तेव्हा वाटलं होतं, माझा जपानशी काय संबंध?

आधी जागा समजून घेऊ. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकापासून केप मेंडोसिनोपर्यंत सुमारे १,००० किलोमीटर लांबीचा एक पट्टा आहे. तिथे समुद्रतळाची हुआन दे फुका नावाची प्लेट उत्तर अमेरिकेच्या प्लेटखाली वर्षाला तीन-चार सेंटिमीटर या वेगानं सरकते. या पट्ट्याला कॅस्केडिया म्हणतात. आणि ओरेगनसमोर, त्याच्या बरंच पश्चिमेला, ब्लँको नावाची वेगळी भेग आहे, साधारण साडेतीनशे किलोमीटरची. तिथे दोन प्लेटा एकमेकींना घासत आडव्या सरकतात. बँडनसमोरचे बहुतेक मध्यम धक्के याच भेगेवर होतात. २००८ च्या मार्च-एप्रिलमध्ये त्याच समुद्रात काही दिवसांत शेकडो धक्के पाण्याखालच्या मायक्रोफोनांनी टिपले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लँकोवर ६.३ चा झाला. डिसेंबर २०२१ मध्ये एका दिवसात पाचच्या वरचे कितीतरी. थोडक्यात, ब्लँको हा बडबड्या शेजारी. आडवी सरकणारी भेग पाणी फारसं वर उचलत नाही, म्हणून तिथून मोठी त्सुनामी येण्याची भीती कमी.

खरी भीती कॅस्केडियाची, आणि ती गप्प आहे.

या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा, हाच १९८० च्या दशकातला वाद होता. यंत्रांच्या नोंदी सुरू झाल्यापासून त्या मोठ्या सांध्यावर एकही मोठा भूकंप नाही. लिखित इतिहासातही नाही. मग बऱ्याच जणांनी सोपा अर्थ लावला: तिथे प्लेट वंगण लावल्यासारखी गुपचूप सरकत असणार, ताण साठतच नसणार. १९८४ मध्ये थॉमस हीटन आणि हिरू कानामोरी यांनी एका निबंधात उलट शंका मांडली. जगात जिथे जिथे अशी तरुण, उबदार प्लेट खाली जाते, म्हणजे दक्षिण चिली, नैर्ऋत्य जपान, तिथे तिथे महाभूकंप झालेत. मग इथेच का नाही?

इथे थांबा आणि स्वतःला विचारा: "लिखित इतिहासात नाही" म्हणजे किती काळाच्या इतिहासात? त्या किनाऱ्याजवळ युरोपीय जहाजं १७७० च्या दशकात पोचली. जेम्स कुक १७७८ मध्ये. म्हणजे कागदावरचा इतिहास जेमतेम दोनशे वर्षांचा. पाचशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पाहुण्याची दोनशे पानी वहीत नोंद नसेल, तर तो येतच नाही असं म्हणता येईल का? हे वाक्य मी चर्चासत्रात बोलून दाखवलं तर लोक हसतात, पण आपल्या निम्म्या प्रबंधांत "साधनांत उल्लेख आढळत नाही, सबब..." अशी वाक्यं असतात. ते साधन कुठून सुरू होतं, कोण लिहीत होतं, कशासाठी, हे आधी सांगावं लागतं.

१९८६ मध्ये ब्रायन अॅटवॉटर हा भूशास्त्रज्ञ वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरच्या पाणथळीत फावडं घेऊन उतरला. पुढे खाड्यांच्या काठांवर, ओहोटीच्या वेळी, छोट्या होडीतून फिरला. काठाच्या चिखलात त्याला एक काळा थर सापडला: जुनी जमीन, गवताच्या मुळांसकट. ही जमीन कधीकाळी भरतीच्या पाण्याच्या वर होती. तिच्यावर एकदम खाडीचा राखाडी गाळ. आणि मध्ये, बऱ्याच ठिकाणी, समुद्राच्या बाजूनं आलेल्या वाळूचा पातळ थर. म्हणजे किनारा एका झटक्यात एक-दीड मीटर खचला, लगेच समुद्र वाळू घेऊन आत आला, आणि मग वर्षानुवर्षं भरतीनं गाळ साचत राहिला. महाभूकंपानं किनारा कसा खचतो ते १९६० मध्ये चिलीत आणि १९६४ मध्ये अलास्कात डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यामुळे या थरांचं वाचन कल्पनेवर उभं नव्हतं. १९८७ मध्ये त्याचा निबंध "सायन्स" मध्ये आला आणि वादाची दिशा फिरली.

पण कधी? खाड्यांच्या कडेला, कोपालिस नदीजवळ वगैरे, देवदाराच्या जातीची मोठी झाडं वाळून उभी आहेत. तिकडे त्यांना भुतांचं रान म्हणतात. जमीन खचली, मुळांना खारं पाणी लागलं, झाडं मेली. कार्बन डेटिंगनं त्यांच्या मरणाचा काळ १६८० ते १७२० असा आला. चाळीस वर्षांचा अवकाश. भूशास्त्रात हे अगदी बारीक झालं, पण इतिहासात चाळीस वर्षं म्हणजे... आपल्याकडचंच बघा. १६८० मध्ये शिवाजी महाराजांचं निधन, १७२० मध्ये बाजीराव पेशवेपदावर. मधे काय काय झालं!

शिवाय आणखी एक प्रश्न होता. एकच ९ तीव्रतेचा भूकंप, की काही वर्षांच्या अंतरानं आठ-आठचे दोन-तीन? कार्बन डेटिंग हा फरक सांगू शकत नाही.

इथे जपान आलं. केन्जी साताके आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचारलं: हा भूकंप खरोखरच एवढा मोठा असेल तर त्याच्या लाटा पॅसिफिक ओलांडून जपानला पोचल्या असणार, आणि जपानात तेव्हा एदो काळ होता, कारकून होते, गावोगावी मुखिया होते, संस्थानांच्या नोंदवह्या होत्या. शोधा. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच नोंदी नव्यानं "सापडल्या" नाहीत. जपानी भूकंप-इतिहासकारांनी त्या कधीच संकलित केल्या होत्या, फक्त त्या लाटांना आई-बाप नव्हता. आधी धक्का जाणवल्याची नोंद नाही, वादळाची नाही, तरी पाणी आलं. म्हणून तिला पुढे "अनाथ त्सुनामी" असं नाव पडलं.

गेन्रोकु १२ व्या वर्षीच्या बाराव्या महिन्याचा आठवा दिवस, रात्र. ईशान्य किनाऱ्यावरच्या कुवागासाकी गावात पाणी शिरलं. लोक डोंगराकडे पळाले. १३ घरं पाण्यानं गेली, नंतर लागलेल्या आगीत आणखी २० जळाली. ही माहिती आपल्याला मिळते ती मोरिओका संस्थानाच्या दैनंदिन नोंदवहीतून, कारण अधिकाऱ्यांना मदतीचं धान्य द्यायचं होतं. लाटेचं कुतूहल हा त्यांचा विषयच नव्हता. दक्षिणेला नाकामिनातोजवळ तांदूळ घेऊन निघालेलं जहाज खवळलेल्या पाण्यामुळे बंदरात शिरू शकलं नाही आणि फुटलं. ती नोंद राहिली, कारण माल बुडाल्याचा जबाब लिहून घ्यावा लागला. आणि मिहो नावाच्या गावाचा मुखिया पाणी पुन्हा पुन्हा आत येताना पाहून चक्रावला: भूकंप तर झाला नाही, मग हे काय? त्यानं म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आणि पोरांना देवळाकडे हलवलं आणि ते लिहून ठेवलं.

या तिन्ही नोंदींत लाट हा मुख्य विषय नाही. विषय आहे नुकसानभरपाई, हिशेब, जबाबदारी. आपल्या मोडी दफ्तरांत काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. एखाद्या गावाचा वसूल माफ का केला, याच्या अर्जात निसर्ग सापडतो.

दुसरं म्हणजे शब्द. या नोंदींपैकी बऱ्याच ठिकाणी "त्सुनामी" हा शब्दच नाही. मोठी भरती, चढलेलं पाणी अशा अर्थाचे शब्द आहेत. धक्काच जाणवला नाही तर त्सुनामी कशी म्हणणार? संगणकावर फक्त "त्सुनामी" शोधणाऱ्याला हे पुरावे दिसलेच नसते. मी स्वतः सुरुवातीचे चार महिने "भूकंप" आणि "वादळ" हे दोनच शब्द सूचींत शोधत होते. "धरणीकंप", "तुफान", "उधाण", "दर्या खवळला" हे सगळं हातातून निसटत होतं. ते चार महिने कुठल्याही अहवालात दिसत नाहीत.

तिसरं म्हणजे कालगणना. गेन्रोकु १२ हे वर्ष ढोबळमानानं १६९९. पण बारावा महिना इंग्रजी वर्ष उलटल्यावर येतो. म्हणून आठवा दिवस म्हणजे २७ जानेवारी १७००. आपल्याकडेही हाच सापळा आहे. राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं ते शके १६२१ च्या फाल्गुनात. डोळे मिटून ७८ मिळवलेत तर १६९९ येतं. प्रत्यक्षात तो मार्च १७०० आहे. म्हणजे कुवागासाकीत पाणी शिरलं तेव्हा राजाराम महाराज हयात होते. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला तारीख अशीच लक्षात राहते.

आता हिशेब बघा. लाटेला ओरेगन-वॉशिंग्टनहून जपानला पोचायला साधारण दहा तास लागतात. जपानात मध्यरात्रीच्या आसपास पाणी आलं. उलटं मोजलं तर भूकंप कॅस्केडियात २६ जानेवारी १७०० च्या रात्री सुमारे ९ वाजता झाला. जपानात पाणी किती चढलं त्यावरून तीव्रता ९ च्या आसपास येते. १९९६ मध्ये हे "नेचर" मध्ये छापून आलं. पण एवढ्यावर भागत नाही. लाट दुसरीकडून आली नसेल कशावरून? दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश कागद आहेत, त्यांत त्या सुमाराला जुळणारा भूकंप नाही. पण कामचाटका आणि अलास्कात तेव्हा लिहिणारं कोणी नव्हतं. शंका घ्यायला जागा होती.

मग डेव्हिड यामागुची आणि सहकारी पुन्हा त्या मेलेल्या झाडांकडे वळले. खोडांची बाहेरची वलयं तीन शतकांत पावसावाऱ्यानं झिजून गेली होती, म्हणून शेवटचं वर्ष कळत नव्हतं. पण चिखलात गाडलेल्या मुळांवर साल शाबूत होती. मुळं खणून काढली, त्यांची वलयं जवळच्या जिवंत जुन्या झाडांच्या रुंद-अरुंद वलयांशी जुळवली. शेवटचं वलय १६९९ चं निघालं, तेही पूर्ण वाढलेलं. म्हणजे झाडं १६९९ चा वाढीचा हंगाम संपल्यावर आणि १७०० चा सुरू होण्याआधी मेली. हा निबंध १९९७ चा, म्हणजे जपानी तारीख जाहीर झाल्यानंतरचा. एखाद्याही मुळात १७०३ चं वलय निघालं असतं तर साताकेची सगळी मांडणी कोसळली असती. ती कोसळण्याची संधी दिली गेली, म्हणून मला हे प्रकरण एवढं आवडतं.

किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या कथांचं काय? त्या होत्याच. वॉशिंग्टनच्या टोकावरच्या मकाह जमातीतल्या एका माणसानं १८६४ मध्ये जेम्स स्वॉनला सांगितलं होतं की फार जुनी नव्हे अशा काळी समुद्र आत शिरला, ओसरला, पुन्हा चढला, होड्या झाडांत अडकल्या. स्वॉननं ते डायरीत लिहिलं आणि शंभरहून जास्त वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. व्हँकुव्हर बेटावरच्या हु-आय-आहत लोकांत हिवाळ्यातल्या रात्री पाचेना खाडीकाठचं गाव गेल्याची आठवण आहे. रूथ लुडविन यांनी २००५ च्या सुमारास या कथा एकत्र करून अभ्यासल्या. काही जण आता म्हणतात की "आदिवासींना सगळं आधीच माहीत होतं." मला ते फार सोपं वाटतं. कथेत तारीख नसते, आणि एका कथेत अनेक लाटा मिसळलेल्या असू शकतात. पण "हिवाळा" आणि "रात्र" हे तपशील १९९६ च्या आधीच सांगितलेले होते आणि नंतर जुळले, हे नाकारता येत नाही. चूक कथांची नव्हती. त्यांना दफ्तरातला कागद मानायची कोणाची तयारी नव्हती.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येते.

समुद्रतळावरच्या गाळाच्या थरांवरून क्रिस गोल्डफिंगर आणि सहकाऱ्यांनी गेल्या १०,००० वर्षांत कॅस्केडियात ४१ मोठे भूकंप मोजले. त्यांतले १९ संपूर्ण पट्टा हलवणारे. म्हणजे सरासरी पाचशे वर्षांत एक. या थरांच्या वाचनावर अजून वाद चालू आहे, आणि सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे. १७०० पासून सव्वातीनशे वर्षं झाली. सांधा पूर्ण अडकून राहिला असेल तर दहा-अकरा मीटर सरकणं बाकी आहे.

मग ब्लँकोवरच्या मध्यम धक्क्यांनी हा ताण कमी होतो का? नाही. भेगच वेगळी. शिवाय ९ च्या भूकंपाची ऊर्जा ६ च्या सुमारे ३२,००० पट. छोट्या छोट्यांनी ती खर्च होत नाही. आणि ते मोठ्याची वर्दी देतात का? इथे गोष्ट अवघड होते. ९ मार्च २०११ ला जपानच्या तोहोकुसमोर सातच्या वरचा धक्का बसला. छोटी लाट आली, गेली. लोक कामाला लागले. दोन दिवसांनी ९ तीव्रतेचा झाला. चिलीत १६ मार्च २०१४ ला ६.७, आणि १ एप्रिलला ८.२. हे धक्के त्याच सांध्यावर किंवा त्याला लागूनच होते, ब्लँकोसारख्या वेगळ्या भेगेवर नव्हे. आज आपण त्यांना पूर्वधक्के म्हणतो. पण ९ मार्चच्या संध्याकाळी तो फक्त एक भूकंप होता. पूर्वधक्का हे नाव नेहमी मागाहून मिळतं. कुठल्याही भूकंपामागून तीन दिवसांत जवळपास त्याहून मोठा येण्याची शक्यता साधारण शंभरात सहा धरतात. शंभरातले चौऱ्याण्णव आपल्या लक्षात राहत नाहीत.

हे मी सहज लिहून जाते, पण लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना ते सहज वाचता येणार नाही. किल्लारी परिसरात १९९२ मध्ये लहान धक्के जाणवत होते. ऑक्टोबरमधल्या धक्क्यानं लोक धास्तावले होते. पुढे ते कमी झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे काय झालं ते सांगायला नको. मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या जवळपास. "तेव्हाच ऐकायला हवं होतं" हे वाक्य मी तिकडच्या माणसांकडून ऐकलंय आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नसतं. पण संशोधक म्हणून जे धक्के येऊन काहीच न होता विरले, त्या गावांची यादीही करावी लागते, आणि ती यादी कोणी करत नाही.

बहिणीला मी लिहिलं: ब्लँकोवरचे बघून घाबरू नकोस. केप मेंडोसिनोचा जवळ होता, तिथे इशारा योग्यच होता. पण तुझ्या घराचा पाया आणि कपाटं भिंतीला अडकवलेली आहेत का ते बघ. सुट्टीत समुद्रावर गेलीस आणि जमीन बराच वेळ हलली, तर फोन शोधत बसू नकोस, उंचावर चाल. तिनं विचारलं, मग सरकार काय करतंय?

त्याचं उत्तरही इतिहासाचंच आहे, अगदी अलीकडच्या. पुरावा साचत असतानाच, १९९५ मध्ये, ओरेगननं कायदा केला की त्सुनामीच्या पट्ट्यात नव्या शाळा, इस्पितळं, अग्निशमन केंद्रं बांधायची नाहीत. सीसाइड गावात शाळा टेकडीवर हलवण्यासाठी कर्जरोख्यांवर २०१३ मध्ये मतदान झालं, ते लोकांनी फेटाळलं. २०१५ च्या जुलैत "न्यूयॉर्कर" मध्ये कॅथरीन शुल्झ यांचा कॅस्केडियावरचा लेख आला आणि देशभर खळबळ उडाली. २०१६ मध्ये सीसाइडला पुन्हा मतदान झालं, या वेळी मंजूर. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या वेस्टपोर्टमध्ये ओकोस्टा शाळेच्या छतावर शेकडो लोक चढून थांबू शकतील अशी इमारत उभी राहिली, उत्तर अमेरिकेतली तशी पहिलीच. आणि २०१९ मध्ये ओरेगनच्या विधिमंडळानं १९९५ ची ती बंदी उठवली. किनाऱ्यावरच्या गावांचं म्हणणं होतं की पोलीस ठाणं आणि शाळा नसेल तर गाव जगणार कसं, आणि ते म्हणणं अगदीच खोटं नाही.

बंदी उठवण्यावर सही झाली जूनमध्ये. २९ ऑगस्टला ब्लँकोवर ६.३ चा धक्का बसला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तरी मी वहीत त्या एकाखाली एक लिहून ठेवल्यात.